वेळापत्रकात नसलेला तास : कोडिंग आणि सांख्यिकीच्या कार्यशाळांबद्दल

(दिंडोरी इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी कोडिंगच्या आणि सांख्यिकीच्या कार्यशाळा कशा आखाव्यात, यावर आम्ही बोलणार आहोत. बोलणार म्हणजे टीका करणार आहोत. पुस्तकावर टीका होते, नाटकावर होते, सिनेमावर तर रोज होते. कार्यशाळेच्या वेळापत्रकावर मात्र कुणी टीका लिहीत नाही. ते एक पान असतं, नोटीस बोर्डावर लागतं आणि आठवड्यानं निघतं. पण त्या पानावर मुलांचे तीन दिवस खर्ची पडतात. म्हणून ते पान आज आपण एखादं पुस्तक वाचावं तसं वाचू.

दिंडोरीत हे बोलायला कारण आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं नाशिक उपकेंद्र आपल्याच तालुक्यात, शिवनईला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं कौशल्याचे विषय अभ्यासक्रमात आणले आहेत. त्यामुळे अशा कार्यशाळा वाढणारच. आणि त्यांना बसणाऱ्या मुलांमध्ये घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुलं-मुली पुष्कळ आहेत. त्यांचे तीन दिवस वाया गेले, तर ती मुलं 'हा विषय आपल्यासाठी नाही' एवढंच शिकून घरी जातात. ते नुकसान तीन दिवसांपेक्षा फार मोठं आहे.

पान वाचू या

नेहमीचं पान कसं असतं बघा. पहिला दिवस : उद्घाटन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं मनोगत, चहा, आणि मग 'पायथॉनची ओळख'. दुसरा दिवस : 'आर आणि सांख्यिकी'. सकाळी सरासरी, दुपारी प्रमाण विचलन, चहानंतर टी-टेस्ट. उत्तर ०.०५ पेक्षा कमी आलं की 'सिग्निफिकंट' म्हणायचं, का ते विचारायचं नाही. तिसरा दिवस : 'मशिन लर्निंग'. त्यानंतर अभिप्रायाचा फॉर्म, प्रमाणपत्रं, ग्रुप फोटो. नॅकच्या अहवालात कार्यशाळा किती झाल्या आणि मुलं किती बसली हे आकडे लागतात. ते मिळाले की सगळ्यांना काम झाल्यासारखं वाटतं.

या पानावर विषय कमी आहेत, अशी आमची तक्रार नाही. उलट तीन दिवसांत मावणार नाहीत इतके विषय आहेत. तक्रार एका तासाची आहे. समोरच्या आकड्याला 'तू आलास कुठून?' असं विचारायचा तास त्या पानावर कुठेच नसतो. हा आकडा कुणी मोजला, कशानं मोजला, किती जणांचा मोजला, कुणाचा सोडून दिला. आमच्या मते सांख्यिकी तिथून सुरू होते. कोड त्यानंतरचा.

आयरिसचं फूल आणि द्राक्षाचा मणी

तो तास का नसतो, याचं कारण उदाहरणांत आहे. आर उघडलं की त्यात आयरिस नावाचा डेटा आधीच भरलेला असतो. तीन जातींची फुलं, प्रत्येक जातीची ५०, एकूण १५०, आणि प्रत्येक फुलाची चार मापं. एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञानं ती मापं गोळा केली आणि रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली एका लेखात वापरली. दुसरं लाडकं उदाहरण एमटीकार्स : 'मोटर ट्रेंड' या अमेरिकी मासिकातल्या १९७४ सालच्या ३२ गाड्या. तिसरं टायटॅनिक, म्हणजे १९१२ साली बुडालेलं जहाज.

या उदाहरणांचा फायदा आहे, हे आधी मान्य करू. आयरिसचा डेटा स्वच्छ आहे, एकही रकाना रिकामा नाही. शिक्षकाला माहीत असतं की कोड चालणार आणि चित्र छान येणार. जगभर हीच उदाहरणं चालतात, म्हणून इंटरनेटवर मदतही मिळते.

अडचण वेगळीच आहे. आयरिसचं फूल आपल्याकडच्या मुलीनं पाहिलेलं नसतं. पाकळीची लांबी १.४ सेंटीमीटर लिहिली आहे, ती बरोबर की चूक हे तिला सांगता येत नाही. समोर येईल ते मान्य करायचं, एवढंच तिच्या हातात उरतं. याउलट कुणी द्राक्षाच्या मण्याचा व्यास १७ सेंटीमीटर लिहिला, तर ती हसेल. म्हणेल, 'सर, ते मिलिमीटर असणार, हा काय पपई आहे का!' त्या हसण्यात एकक आहे, पल्ला आहे आणि आकड्यावरचा संशय आहे. आम्हाला कार्यशाळेची सुरुवात त्या हसण्यापासून हवी आहे.

आणि 'आर'चं म्हणाल, तर इथल्या मुलाला आर म्हटलं की आधी सातबाऱ्यावरचा हेक्टर-आर आठवतो. ते हसण्यावारी नेऊ नका. उतारा हेक्टर-आरमध्ये, बोलणं एकर-गुंठ्यात, औषधाचं प्रमाण एकरी, आणि अहवाल हेक्टरी. एककं बदलण्याचा इतका खरा सराव कुठल्या परदेशी पुस्तकात मिळणार?

तेव्हा आयरिसच्या जागी द्राक्ष ठेवून बघा. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर असतो. गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर बऱ्याच बागायतदारांकडे असतो. दहा घड आणा. मण्याची लांबी, व्यास, ब्रिक्स आणि घडाचं वजन मोजा. चार मापं झाली, फिशरांच्या फुलांची होती तेवढीच. पण मोजायला बसलं की प्रश्न सुरू होतात. घडाच्या वरच्या खांद्यावरचा मणी घ्यायचा की शेंड्याचा? गोडी सगळीकडे सारखी नसते. ओळीच्या टोकाचं झाड घ्यायचं की मधलं? उन्हाकडचा घड की पानांच्या सावलीतला? व्यापारी बागेत येतो तेव्हा मणी कुठला तोडून चाखतो, आणि शेतकरी त्याला कुठल्या ओळीत नेतो? नमुना निवड हा शब्द फळ्यावर लिहायच्या आधीच मुलं त्यावर भांडायला लागतात. मग दोन गटांची सरासरी वेगळी येते. फरक बागेचा की मोजणाऱ्याचा, हा प्रश्न त्यांना पडला म्हणजे टी-टेस्ट कशासाठी असते हे सांगायला दहा मिनिटं पुरतात.

वणीचा कांदा आणि तीन सरासऱ्या

दुसरं उदाहरण बाजाराचं. दिंडोरी बाजार समितीच्या वणी उपबाजारातला कांद्याचा भाव घ्या. तीन आकडे असतात : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर तिसऱ्या रकान्याला मोडल प्राइस म्हटलंय. आता आपल्या मुलांनी शाळेत बालभारतीच्या पुस्तकात मध्य, मध्यक आणि बहुलक केलेलं असतं. बहुलक म्हणजेच मोड. पण कॉलेजात विषय इंग्रजीत येतो आणि हा धागा तुटतो. जो शब्द मुलाला मराठीत येतो, तोच शब्द इंग्रजीत त्याला नवा आणि अवघड वाटतो. कार्यशाळेत कुणी एका वाक्यात हे जोडून दिलं तरी केवढं काम होईल.

समजा, एका दिवशी दहा ट्रॉल्या आल्या, सगळ्यांत माल सारख्याच वजनाचा. सहा ट्रॉल्या क्विंटलला १,२०० रुपयांनी गेल्या, तीन १,००० नं गेल्या आणि एका ट्रॉलीतला निवडक माल २,४०० नं गेला. बहुलक झाला १,२००. खरी सरासरी काढली तर १,२६०. किमान आणि कमाल यांची बेरीज करून निम्मी केली तर १,७००. आणि मथळा येणार, 'कांदा २,४०० वर'. यातला एकही आकडा खोटा नाही. पण १,७०० हा आकडा ऐकून घरातला माल बाहेर काढणाऱ्याची फसगत ठरलेली आहे, कारण त्या भावानं त्या दिवशी एकही ट्रॉली गेलेली नाही.

हे चार आकडे काढायला पायथॉनच्या चार-पाच ओळी लागतात, तासाभरात कुणालाही जमतील. त्यानंतरचा प्रश्न कोडमध्ये नाही. फळ्यावर जो सर्वसाधारण भाव लिहिला, तो प्रत्यक्षात कसा ठरवला? वजन धरून, ट्रॉल्या मोजून, की अंदाजानं? हे विचारायला मुलांना बाजारात जावं लागेल. तो प्रश्न घेऊन मुलगा लिलावाच्या ओट्यावर गेला, तर तो अर्धा सांख्यिकीतज्ज्ञ झाला असं आम्ही समजू.

आणि एक बघा. ज्या द्राक्षासाठी तालुका ओळखला जातो, त्याचे बहुतेक सौदे बागेतच होतात. तो भाव बाजार समितीच्या फळ्यावर चढत नाही. म्हणजे कांद्याचा रोजचा आकडा मिळतो आणि द्राक्षाचा तसा मिळत नाही. डेटा नसणं हीसुद्धा एक माहिती असते, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला सुचत नाही.

सुखात्म्यांचा तुकडा

कुणी म्हणेल, हे सगळं गावरान झालं, यात विद्यापीठाच्या दर्जाची सांख्यिकी कुठे आहे? तर एका मराठी माणसाकडे बघू. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकीचे संचालक झाले. व्ही. जी. पानसे यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेलं शेतीतल्या सांख्यिकीचं पुस्तक १९५४ साली निघालं आणि देशभरातल्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं.

१९४० च्या दशकात आपल्या देशात एक मोठा वाद झाला. पिकाचं उत्पन्न नमुन्यानं मोजायचं, तर शेतातला किती मोठा तुकडा कापायचा? प्रशांतचंद्र महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार छोटा असला तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण साधं आहे. दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर? माणसाचा हात बहुधा ते आत धरतो. छोट्या तुकड्याला क्षेत्राच्या मानानं कडा जास्त, म्हणून चूकही जास्त.

गणित करून बघा. चारही बाजूंनी पाच-पाच सेंटीमीटर जादा धरले गेले असं समजा. १ मीटर बाय १ मीटरचा तुकडा १.१ बाय १.१ होतो, म्हणजे १.२१ चौरस मीटर. उत्पन्न २१ टक्के जास्त दिसणार. १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा १०.१ बाय ५.१ होतो, ५० चे ५१.५१ चौरस मीटर. फरक जेमतेम ३ टक्के. आज पीक कापणी प्रयोगात अनेक पिकांना हा १० बाय ५ चा तुकडा का घेतात, ते इथे कळतं.

आणि आता पणाला काय लागलंय ते बघा. पीक विम्यात मंडळाचं सरासरी उत्पन्न ठरवायला या पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतात. उत्पन्न फुगून दिसलं, तर नुकसान कमी दिसतं आणि भरपाई घटते. दोरी कुठे पडली यावर मंडळातल्या प्रत्येक शेतकऱ्याचे पैसे ठरतात. द्राक्षासारख्या फळपिकाचा विमा हवामानावर चालतो. तिथे प्रश्न येतो की पाऊस मोजणारं केंद्र बागेपासून किती लांब आहे, आणि तिथला पाऊस तो बागेतला पाऊस मानायचा का.

हे शिकवायला लॅपटॉपसुद्धा लागत नाही. चार खुंट्या, एक दोरी आणि कॉलेजचं मैदान पुरे. मुलांचे दोन गट करा, छोट्या आणि मोठ्या चौकटीत गवताची रोपं मोजा. मग लॅबमध्ये या, हजारभर ठिपके कोडनं पसरा, त्यावर चौकटी टाका आणि कडेवरचे ठिपके आत धरून बघा. जे मैदानात दिसलं तेच पडद्यावर दिसेल. इथे कोड कशासाठी लिहायचा, हे मुलाला सांगावं लागत नाही. हजार वेळा दोरी टाकणं माणसाला जमत नाही, म्हणून लिहायचा.

कोड चालला, पण उत्तर?

आता कोडकडे येऊ. पहिला प्रोग्राम 'हॅलो वर्ल्ड' असतो. पडद्यावर दोन शब्द आले की टाळ्या. आपल्याकडे त्याहून चांगला पहिला प्रोग्राम आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांनी ६१७४ हा अंक जगाला दिला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक एकच नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो.

कापरेकरांचं जन्मसाल १९०५ घ्या. ९५१० वजा ०१५९, ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. बरोबर सात पायऱ्या. यात लूप आहे, अट आहे, फंक्शन आहे. सुरुवातीला लागणारं बहुतेक सगळं यात येतं.

पण आमचं लक्ष त्यातल्या एका खोडीकडे आहे. १००० ही संख्या द्या. १००० वजा ०००१, म्हणजे ०९९९. कॉम्प्युटर पुढचं शून्य टाकून देतो आणि ९९९ धरतो. मग ९९९ वजा ९९९, उत्तर शून्य. प्रोग्राम कुठेही अडत नाही, लाल अक्षरांत काही येत नाही, तो निवांतपणे चूक उत्तर देतो. 'रन झालं ना?' एवढंच विचारणाऱ्या कार्यशाळेत ही चूक कुणाला दिसणार नाही. कापरेकरांचा नियम माहीत असलेल्या मुलाला ती लगेच दिसते, कारण काय यायला हवं हे त्याला आधीच ठाऊक असतं.

खऱ्या डेटात अशा मूक चुका पावलोपावली असतात. ०५/१० ही तारीख घ्या. आपल्याकडे ती ५ ऑक्टोबर. सॉफ्टवेअर अमेरिकी पद्धतीवर असेल, तर ती १० मे. ज्याला बाग माहीत आहे त्याला विचारा. ऑक्टोबर म्हणजे गोड्या छाटणीचे दिवस. एप्रिलची खरड छाटणी वेगळी. छाटणीची तारीख मे महिन्यात गेली, की काढणीपर्यंतचे दिवस दुपटीहून जास्त होतात आणि सगळा हिशेब कोलमडतो. तसंच १,२०,००० मधले स्वल्पविराम. तसंच मोहाडी हे नाव एका फाईलीत मराठीत, दुसरीत इंग्रजी स्पेलिंगनं, तिसरीत मागे एक जागा सोडून. कॉम्प्युटरच्या लेखी ती तीन गावं. जुन्या सरकारी फाईली युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात, उघडल्या की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. यासाठी एक अख्खा अर्धा दिवस राखून ठेवा, असं आमचं म्हणणं आहे. मशिन लर्निंगचा अर्धा दिवस त्यासाठी कापला तरी बिघडत नाही.

आता चॅटजीपीटीचा प्रश्न येणारच. कोड तर ते लिहून देतं, मग शिकायचं कशाला? आम्हाला वाटतं, त्यामुळे तो नसलेला तास आणखी मोलाचा झालाय. कोड फुकट मिळायला लागला, की उरतं ते उत्तर तपासण्याचं काम. १० मे रोजी छाटणी झाली असं उत्तर आलं, तर 'हे कसं शक्य आहे?' असं म्हणणारं माणूस खोलीत हवं.

आखणी कशी असावी

नुसती टीका करून निघून जाणं बरं नाही, म्हणून थोडं आखणीबद्दल.

जगात यावर विचार झालेला आहे. सॉफ्टवेअर कार्पेंट्री हा उपक्रम १९९८ साली अमेरिकेत सुरू झाला.  शिक्षक सरकचित्रं दाखवत नाही, सगळ्यांसमोर हळूहळू कोड टाइप करतो, चुकतो, दुरुस्त करतो. प्रत्येक मुलाकडे दोन रंगांचे चिकट कागद असतात. एक रंग म्हणजे जमलं, दुसरा म्हणजे अडलंय. हात वर करून 'मला कळलं नाही' म्हणणं आपल्याकडच्या मुलीला जड जातं, कागद लावणं सोपं जातं. पुढे २०१४ साली डेटा कार्पेंट्री सुरू झाली. तिची कल्पनाच ही, की विद्यार्थ्याला त्याच्या विषयातला डेटा द्यायचा. त्यांच्या परिसंस्थाशास्त्राच्या कार्यशाळेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या उंदीर-घुशींच्या नोंदी वापरतात. तिथून आपण पद्धत घ्यावी. अ‍ॅरिझोनाचे उंदीर मात्र तिथेच राहू द्यावेत. घरी सरावासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे छोटे व्हिडिओ आहेत, त्यांतले बरेच मराठीतही आहेत.

या सगळ्यातून दिंडोरीसाठी काय निघतं? सलग तीन दिवसांऐवजी दोन दिवस, मग दोन आठवड्यांची सुट्टी, आणि मग परतीचा एक दिवस. मधल्या काळात प्रत्येक जोडीनं स्वतःचे तीस आकडे गोळा करून आणायचे. तुकडी पंचवीस-तीसच्या वर नको, आणि दर आठ-दहा मुलांमागे वरच्या वर्गातला एक मदतनीस हवा. लॅपटॉप नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही. दोघांत एक मशीन असलं तर उलट बोलणं होतं. सॉफ्टवेअर आदल्या आठवड्यात पेन ड्राइव्हवरून टाकून ठेवायचं, कारण इंटरनेट आणि वीज यांपैकी एक जण ऐन वेळी दगा देतोच.

तारखा ठरवताना विद्यापीठाच्या परीक्षांचं वेळापत्रक बघतातच. तालुक्याचंही बघा. गोड्या छाटणीत आणि फेब्रुवारी-मार्चच्या काढणीत कितीतरी मुलं कामावर असतात. द्राक्ष मोजायचं तर जानेवारी बरा, पावसाचा डेटा घ्यायचा तर जुलै-ऑगस्ट. आणि शेवटचं सत्र संध्याकाळच्या एसटीच्या आधी संपलं पाहिजे. ननाशीकडे जाणारी मुलगी जे सत्र अर्धवट सोडून पळते, ते तिच्यासाठी झालंच नाही असं धरा.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आम्हाला महत्त्वाचा वाटतो. इथल्या मुलांना कांदा आणि द्राक्षच दाखवलं, तर ती इथेच अडकतील. पुण्यातल्या कंपनीच्या मुलाखतीत तर आयरिसच विचारतील. खरं आहे, आणि म्हणून आयरिस काढून टाका असं आम्ही म्हणत नाही. आयरिस तिसऱ्या दिवशी दाखवा. ज्या मुलीनं स्वतः मणी मोजले आहेत, ती आयरिस बघून विचारेल की ही फुलं कुठून तोडली, एकाच ठिकाणची का, मोजली कुणी. घरचा डेटा आधी घ्यायचा तो परक्या डेटावर प्रश्न विचारता यावेत म्हणून.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. घरचा डेटा म्हणता, पण घर कुणाचं? वर्गातल्या सगळ्यांची बाग नसते. तालुक्याच्या पश्चिम भागातली आदिवासी मुलं आहेत, पेठ-सुरगाण्याहून आलेली आहेत. त्यांचे आईवडील त्याच बागांमध्ये छाटणीला, विरळणीला, डिपिंगला जातात. बागायतदाराच्या वहीत फवारणीचं औषध, लिटर आणि तारीख लिहिलेली असते. निर्यातीच्या बागेला तर या नोंदी लागतातच. विरळणी करणाऱ्या बाईचे तास कुठे लिहिलेले असतात? ठेका एकरावर ठरतो, मजुरी टोळीला मिळते, तिच्या एकटीच्या नावावर कुठलाच रकाना नसतो.

या आक्षेपावर आमचं उत्तर असं आहे की हाच प्रश्न कार्यशाळेत आणा. एका जोडीनं बागेची वही आणावी, दुसरीनं आईला विचारून महिन्याची हजेरी आणि मजुरी लिहून काढावी. नाव नको, गाव नको, संमती मात्र हवी, आणि ती कशी घ्यायची हेही शिकवायला हवं. दोन्ही फाईली शेजारी शेजारी उघडल्या, की एका बागेचे दोन हिशेब दिसतील. ते बघताना वर्गात थोडी अस्वस्थता येईल, ती येऊ द्यावी. कुठल्या गोष्टीचा रकाना असतो आणि कुठल्या गोष्टीचा नसतो, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. वहीत ज्याचा रकाना नाही, त्याचा हिशेब कुठल्याही कोडला करता येत नाही.

शेवटी मोजमाप. अशी कार्यशाळा यशस्वी झाली की नाही, हे प्रमाणपत्रं मोजून कळणार नाही. महिन्याभरानं मुलांना एकच विचारावं : मधल्या काळात स्वतःहून एखादी फाईल उघडलीस का, आणि तिच्यातल्या कुठल्या आकड्यावर तुझा विश्वास बसला नाही? पहिल्या प्रश्नाला तीसपैकी दहा जण हो म्हणाले तरी पुष्कळ झालं. दुसऱ्या प्रश्नाला पाच जणांनी नेमकं उत्तर दिलं, तर पुढच्या वर्षीचे मदतनीस तिथेच मिळाले.

ही मुलं उद्या बँकेत असतील, कृषी विभागात असतील, विमा कंपनीची माणसं म्हणून दोरी घेऊन शेतात उभी असतील, किंवा त्या शेताची मालक असतील. आकडे त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या हातून ठरणार आहेत. तेव्हा पुढच्या वेळी नोटीस बोर्डावर कार्यशाळेचं पान लागलं, की तो एक तास त्यावर आहे का एवढं बघा. नसेल तर संयोजकांना जाऊन सांगा. दीपप्रज्वलनाचा वेळ थोडा कमी केला तरी तो तास सहज बसतो.

आम्ही इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.